खाली कोणी नाही

रिशच्या बेकरीच्या मागच्या खोलीत एक लांब लाकडी टेबल होतं. पहाटे त्याच्यावर पावाचं पीठ मळलं जायचं आणि दुपारी भट्टी निवली की बार्ला त्याच टेबलावर नकाशा पसरायची. नकाशाच्या घड्यांमध्ये पीठ कायमचं जाऊन बसलं होतं. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून डोंगर चढायचा आणि वरून कोऱ्या बर्फातून उतरायचं, हा नाद गावात बऱ्याच जणांना होता. पण मोठ्या उतरणीचा बेत बार्लाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पक्का व्हायचा नाही. ती गावच्या बचाव पथकाची उपप्रमुख होती. दर डिसेंबरात शाळेच्या हॉलमध्ये हिमस्खलनाचा वर्ग ती घ्यायची आणि घ्यायची तो चांगला कडक घ्यायची. "मला वाटलं" असं कुणी म्हणालं की ती तिथेच थांबवायची. "तुला काय वाटलं ते बर्फाला विचारायचं नाहीये. काय दिसलं ते सांग."

त्या फेब्रुवारीतल्या शुक्रवारी टेबलाशी ती आणि रिश, दोघंच होती.

"डोंगराच्या धारेपर्यंत चढायचं आणि सोंडेवरून पलीकडच्या खोऱ्यात प्लाउन्स गावाला उतरायचं," ती म्हणाली. "तिथून बसने घरी. फोप्पाकडे बघायचंसुद्धा नाही."

"बघायला काय तिकीट आहे?"

"तुला आहे. तुझं वजन बघ."

"माझं वजन ही माझ्या मालाची जाहिरात आहे," रिश पोटावर हात फिरवत म्हणाला. "वाळकुड्या बेकरीवाल्याकडून तू पाव घेशील?"

फोप्पा हा धारेच्या अलीकडचा उतार, बरोबर गावाच्या डोक्यावर. मोठ्या द्रोणासारखा खोलगट, वर उभा आणि खाली निमुळता होत जंगलाच्या कडेला संपणारा. त्या कडेनेच गावाची हिवाळी वाट जाते. म्हातारी माणसं काठी टेकत, आया बाबागाड्या ढकलत दुपारी तिथे उन्हाला फिरतात.

बार्लाने लाल पेन्सिलीने फोप्पावर फुली मारली. "आठवडाभर वायव्येचा वारा होता. धारेपलीकडचा सगळा बर्फ उडून इथे येऊन बसलाय. वरचा थर पाटीसारखा कडक, आणि त्याच्या खाली साखरेसारखा भुसभुशीत, पकड नसलेला. हिमस्खलनाच्या आजच्या सूचनेतही तेच दिलंय."

"आणि सोंडेवर धुकं आलं तर?"

"आल्या वाटेने परत. उशीर झाला तरी परत. दोघांतल्या एकाने नको म्हटलं तरी परत. तिथे वाद घालायचा नाही."

"आणि एवढं करून बर्फ सुटलाच खाली?"

"तर पहिला फोन. कोणी अडकलं नसलं तरी फोन. नाहीतर खालचे लोक जिवावर उदार होऊन रिकामा बर्फ खणत बसतात." तिने पेन्सिल कानामागे खोचली. "हे तुला दरवर्षी सांगते मी."

"मला ऐकायला आवडतं. तू रागावलेली दिसतेस आणि मी शहाणा दिसतो."

घरी जाऊन तिने नवऱ्याला, तुमाशला, सगळा मार्ग सांगितला, आणि त्याच्या थोरल्या भावाला, जाखेनला, फोनवर कळवला. जाखेन पथकाचा प्रमुख. "तुझा बेत म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक," तो हसून म्हणाला. "जा, सुखाने जा."

सकाळ कमालीची स्वच्छ निघाली. दोघं ठरल्यापेक्षा लवकर धारेवर पोचली. वारा पडला होता. एका बाजूला रुंद, सौम्य सोंड प्लाउन्सकडे उतरत गेलेली, आणि दुसऱ्या बाजूला फोप्पा, त्याच्यावर एक ओरखडासुद्धा नाही. ऊन तिरपं पडून सगळा उतार आतून दिवा लावल्यासारखा दिसत होता.

रिश खडकावर बसून पाव आणि चीज खात होता. "बार्ला, खरं सांग, तुला कधी मोह होत नाही?"

त्याने गमतीनेच विचारलं होतं. पण बार्लाला ते कुठेतरी जाऊन लागलं. एकोणिसाव्या वर्षी ती या उतारावरून एकदा उतरली होती. त्यानंतरची सगळी वर्षं तिने इतरांच्या नकाशांवर इथे फुल्या मारण्यात घालवली. गावात पोरं तिला बघून रस्ता बदलत, कारण ती हटकून काहीतरी विचारायची: बर्फाखालून ठावठिकाणा कळवणारं शोधयंत्र घेतलंय का, फावडं कुठे आहे. आपण पन्नाशीच्या आत मास्तरीण होऊन बसलो, असं तिला त्या क्षणी वाटलं.

"वरच्या कडेने चार वळणं घेते," ती म्हणाली. "त्या खडकांना धरून. मग आडवी येऊन सोंडेवर चढते."

रिश हसला. मग ती स्कीचे पट्टे आवळतेय हे बघून हसायचा थांबला. "चेष्टा करतेयस ना?"

"कडेला बर्फ पातळ आहे. कडेला काही होत नाही."

"बार्ला, नको." त्याने हातातला पाव खाली ठेवला. "मी नको म्हणतोय. ऐकलंस? एकाने नको म्हटलं की परत."

"तू येऊच नकोस. तू इथे थांब आणि माझ्यावर लक्ष ठेव."

आणि ती गेली. पहिलं वळण इतकं सुरेख झालं की तिच्या तोंडून आवाज निघाला. दुसरंही झालं. तिसऱ्या वळणाला माळ्यावर कुणीतरी धान्याचं पोतं टाकावं तसा एक दबका धप्प आवाज झाला आणि तिच्या पायांपुढून एक रेघ धावत गेली, थेट उताराच्या मध्यापर्यंत. त्या रेघेखालचा सगळा पांढरा पृष्ठभाग एकसंध हलला, मग फुटला. बार्ला आडवी पडली, घसरली आणि एका खडकाला स्की अडकून थांबली. एक काठी हातातून निसटून गेली. खाली धुरासारखा बर्फाचा ढग उठला, वळणाआड गेला, आणि गडगडाट बराच वेळ येत राहिला. मग तोही थांबला.

ती खडक धरत, गुडघ्यांवर रांगत धारेवर आली. रिशचा चेहरा पिठासारखा झाला होता. तिला धड असलेलं बघून त्याने आधी शिवी हासडली आणि मग लगेच खिशातून फोन काढला.

"थांब," बार्ला म्हणाली.

"थांब काय?"

"वाटेपर्यंत गेलंच नसेल. जंगलाने अडवलं असेल. आणि एवढ्या सकाळी वाटेवर असतं कोण?"

"ते मला ठाऊक नाही. तुलाही ठाऊक नाही. म्हणूनच फोन करायचा!"

त्याचं बरोबर होतं, आणि ते तिच्याइतकं चांगलं त्या डोंगरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण फोन लागला की तो जाखेनकडे जाणार. जाखेन विचारणार, कुठून सुटलं? कुणी सोडलं? दुपारपर्यंत दुग्धालयात, शाळेत, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय होणार: बार्ला. फोप्पात. आठवडाभराच्या वाऱ्यानंतर. लाजेने तिच्या कानाच्या पाळ्या जळायला लागल्या.

"मी करते," ती म्हणाली. "रिश, मला माझ्या तोंडाने सांगू दे. तेवढं माझ्यासाठी कर. जरा श्वास घेते आणि करते."

रिशने तिच्याकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला. त्या गोष्टीबद्दल तो पुढे आयुष्यभर स्वतःला बोल लावणार होता. पण गेली वीस वर्षं डोंगरात तिने सांगायचं आणि त्याने ऐकायचं असंच चालत आलं होतं.

सोंडेवरून ती एका काठीने उतरली. बर्फ उत्तम होता आणि अंग आपणहून वळणं घेत होतं, याचीसुद्धा तिला लाज वाटत होती. अर्ध्यावर गवताच्या कोठारापाशी रिशने गाठलं. "केलास?"

"या बाजूला रेंज नाही," ती म्हणाली. फोन तिने पिशवीतून बाहेरच काढला नव्हता.

प्लाउन्सच्या खाणावळीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. मालकिणीने न विचारता जवाचं सूप आणून ठेवलं. बार्लाने मनाशी ठरवलं, हे सूप झालं की करायचा. हात थोडे गरम होऊ देत. आवाज थरथरायला नको. ती एकेक चमचा पीत होती आणि मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. "जाखेन, एक छोटीशी गोष्ट झाली." नाही. "जाखेन, फोप्पात थोडं सुटलंय." सुटलंय, म्हणजे आपोआप. असं म्हटलं तर खोटंही होत नाही.

रिशने चमच्याला हात लावला नव्हता. "आता इथे रेंज आहे," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात खिडकीची काच थरथरली. हेलिकॉप्टर इतकं खालून गेलं की मालकीण दारात धावली. ते धारेच्या दिशेने गेलं, गावाकडे.

बार्लाने सकाळपासून बंद असलेला फोन पिशवीतून काढून सुरू केला. तो हातात कितीतरी वेळ नुसता गुरगुरत राहिला. तुमाश. तुमाश. जाखेन. तुमाश. शेवटचा रेकॉर्ड केलेला निरोप तुमाशचाच होता, त्यात शब्द नव्हते. फावड्यांचा आवाज आणि त्याचा श्वास, एवढंच.

तिने जाखेनला फोन लावला. मागे कुत्रं भुंकत होतं.

"जाखेन, खाली कोणी नाही," ती म्हणाली. जुळवलेलं एकही वाक्य उरलं नव्हतं. "खणू नका. खाली कोणी नाही."

"बार्ला?" तो म्हणाला. मग ओरडला, "बार्ला! कुठे आहेस तू? रिश?"

"प्लाउन्सला. दोघंही. आम्हाला काही झालेलं नाही."

पुढचं तिने फोनवरून ऐकलं. जाखेनने फोन बाजूला धरून हाक दिली, "थांबा! थांबा सगळे! जिवंत आहे! बार्ला जिवंत आहे!" आणि मग तिकडे जल्लोष झाला. माणसं ओरडत होती, कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणीतरी मोठमोठ्याने रडत होतं. ते रडणं तुमाशचं आहे हे तिला कळायला थोडा वेळ लागला, कारण तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. एकमेकांना मिठ्या मारत असतील ते. ती खाणावळीतल्या बाकावर बसली होती आणि समोर अर्धं सूप होतं.

पुढच्या बसने ती आणि रिश गावात परतली.

पथकाची खोली म्हणजे बंबाच्या गाडीचीच खोली. आत सगळे होते, बर्फाने कमरेपर्यंत भिजलेले, लालबुंद, हसणारे. बर्फात खुपसून माणूस शोधायच्या लांब सळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. तुमाश पथकात नव्हता. तो दुग्धालयातून तसाच पांढऱ्या गमबुटांत धावत गेला होता. त्याने तिला इतकं घट्ट धरलं की तिच्या बरगड्या दुखल्या.

वीब्के पुढे आली. ती उत्तर जर्मनीहून दोन वर्षांपूर्वी इथल्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून आलेली, बार्लाच्या वर्गात शिकलेली आणि पथकातली सगळ्यात नवी. गावची भाषा ती पुस्तकासारखी बोलायची. तिच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. ढिगाऱ्यात बार्लाची निसटलेली काठी सापडल्यावर तिने हातमोजे काढून नुसत्या हातांनी उकरलं होतं.

"मी यांना सारखी सांगत होते," वीब्के डोळे पुसत म्हणाली. "बार्ला तिथे जाणारच नाहीत. काठी त्यांची आहे, पण त्या तिथे जाणार नाहीत. बरोबर होतं ना माझं?"

काठी टेबलावर होती. तिच्यावर पथकाची नारिंगी पट्टी आणि बार्लाच्या नावाची दोन अक्षरं. वाटेवर फिरणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याने स्खलन बघून फोन केला होता. बर्फ वाट ओलांडून खालच्या कुंपणापर्यंत गेला होता. आधी पथकाने सवयीप्रमाणे शोध घेतला. काठी मिळाल्यावर मग वेड्यासारखे खणायला लागले, आणि डोक्यावर फोप्पाचा न सुटलेला अर्धा भाग तसाच लटकत होता.

जाखेनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "धारेवरून काठी पडली असेल," तो म्हणाला. "आणि त्या धक्क्याने सुटलं असेल. किंवा उन्हाने. होतं असं. काय?"

तो तिला वाट करून देत होता का, की त्याला खरंच तसं वाटत होतं, हे तिला कधीच कळलं नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. त्यांना ते मानायचंच होतं. नुसती मान हलवली असती तरी संपलं असतं. रिश दाराजवळ जमिनीकडे बघत उभा होता. ती जे म्हणेल ते तो म्हणणार होता, हेही तिला दिसत होतं.

"नाही," बार्ला म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान निघाला. "मी उतरले फोप्पात. रिश नको म्हणत होता. मी सोडलं ते. आणि फोन रिश तेव्हाच करत होता, तो मी करू दिला नाही."

तुमाशचा हात तिच्या पाठीवरून निघाला.

"मग कळवलं का नाहीस?" जाखेनने विचारलं.

"लाज वाटली."

"आम्ही खणत होतो, तेव्हा तू कुठे होतीस?"

"खाणावळीत. सूप पीत होते."

ओरडला कुणीच नाही. कुणी ओरडावं म्हणून ती वाट बघत होती. एकाने भिंतीजवळच्या सळ्या घेतल्या आणि एकेक तुकडा सोडवून पिशवीत भरायला सुरुवात केली, मग दुसऱ्यानेही. धातूचा टक्-टक् आवाज तेवढा येत राहिला. वीब्के मात्र जागेवरून हलली नव्हती.

"पण तुम्हाला माहीत होतं ना?" तिने विचारलं. टोमणा नव्हता; तिला खरंच कळत नव्हतं.

"हो. सगळं माहीत होतं."

वीब्केने मान हलवली, वृद्धाश्रमात एखाद्या आजोबांनी कुठे दुखतंय ते सांगितल्यावर हलवत असेल तशी, आणि आपलं जाकीट घेऊन बाहेर गेली.

घरी तुमाशने ओले मोजे शेगडीजवळ वाळत घातले आणि तो स्वयंपाकघरात बसला. बार्ला उभीच होती. स्वतःच्या घरात बसायला कुणी सांगावं लागतं असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"तुझ्या आईला काय सांगायचं, ते मी ठरवत होतो," तो म्हणाला. "फावडं मारता मारता. मला वाटलं, आधी तुझ्या बहिणीला करतो, ती करेल आईला. असं सगळं ठरवलं होतं मी."

"तुमाश."

"कसलं होतं सूप?"

"जवाचं."

"चांगलं होतं?"

तो एकदम हसला, आणि मग त्याचं हसणं भलतीकडेच गेलं आणि त्याने तोंडावर हात धरला. ती जवळ गेली तेव्हा त्याने तिला दूर केलं नाही, पण धरलंही नाही.

जाखेनने तिला त्या हिवाळ्यापुरतं पथकातून बाजूला केलं. त्याने ते भांडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो घरी आला, कॉफी घेतली आणि हवामानाविषयी बोलावं तसं सांगून गेला. रिश दोन आठवडे तिच्याशी बोलायचं टाळत होता. मग एके दिवशी दुकानात गर्दी नसताना तो म्हणाला, "मी तुझं ऐकायला नको होतं. मी मूर्ख आहे." त्यावर तिला वाटलं, ही लाजसुद्धा आपण एकटीची ठेवली नाही, अर्धी त्याच्या गळ्यात घातली.

फोप्पातला उरलेला बर्फ दोन दिवसांनी आपोआप खाली आला. धोका गेल्यावर गावाने वाट मोकळी करायला घेतली. यंत्राने मोठे ढिगारे काढले, पण कुंपणाच्या आतलं फावड्यानेच काढावं लागत होतं. बार्ला रोज कामावर जाण्याआधी तिथे जायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बर्फ सिमेंटसारखा घट्ट झाला होता. त्यात आपल्यासाठी पथकाने किती जोर लावून खणलं असेल ते प्रत्येक घावाला कळत होतं. फिरायला येणारी माणसं थांबत. "बरं झालं, कोणी नव्हतं खाली," असं म्हणत, अगदी मनापासून. ती "हो" म्हणायची आणि पुढचं फावडं मारायची. वर बघितलं की धारेखाली तुटलेल्या थराची रेघ दिसायची, गावातल्या प्रत्येक खिडकीतून दिसणारी. नवीन बर्फ पडायला त्या वर्षी फार दिवस लागले.

मार्चच्या मध्यावर संध्याकाळी दार वाजलं. वीब्के होती. बोटांच्या पट्ट्या निघाल्या होत्या, टोकांची कातडी नवी आणि गुलाबी होती. हातात नकाशा होता.

"शनिवारी आम्ही तिघी सोंडेवरून प्लाउन्सला जाणार आहोत," ती म्हणाली. "बेत मी केला आहे. तुम्ही एकदा बघाल का? नुसता बघायचा. बरोबर यायचं नाही."

"आत ये."

"नको, इथेच."

बार्लाने दारातल्या दिव्याखाली नकाशा धरला. बेत चांगला होता, नेटका होता. एके ठिकाणी फक्त, ओढा ओलांडताना, वीब्केने वरची वाट धरली होती. मार्चात दुपारच्या उन्हाने तिथला ओढ्यावरचा बर्फाचा पूल कच्चा होतो. "इथे खालून जा," बार्ला म्हणाली. "थोडं लांब पडेल. आणि दुपारच्या आत." एवढं बोलतानाही तिला आपला आवाज उसना वाटला.

वीब्केने खिशातून पेन्सिल काढली, खूण केली, आणि नकाशाची घडी घातली. "धन्यवाद," ती म्हणाली. बार्लाच्या चेहऱ्याकडे तिने सगळ्या वेळात एकदाही बघितलं नव्हतं, पण ती आली होती.

शनिवारी सकाळपासून धारेवर ढग उतरले. बार्ला दिवसभर कामात मन घालायचा प्रयत्न करत होती आणि पुनःपुन्हा खिडकीशी जात होती. फोन करायचा विचार दोनदा मनात आला. पण तो हक्क तिला उरला नव्हता. त्या तिघी धारेच्या खालीच धुक्यात थांबल्या, थोडा वेळ वाट बघितली आणि आल्या वाटेने सुखरूप परत फिरल्या. हे तिला सोमवारी बेकरीच्या रांगेत कळलं, पुढे उभ्या असलेल्या दोन बायकांच्या बोलण्यातून. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. रिशने काउंटरमागून ते बघितलं आणि काही न विचारता तिच्या पिशवीत पाव घातला.